आधी मुलांना झोपू द्या

उन्हाळ्यात इथे कॅलिफोर्नियात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा चिंचवडला पहाटेचे साडेपाच झालेले असतात. ऑफिसातून निघताना मी ताईला फोन लावते, कारण डबा करताना ती बोलू शकते. बोलता बोलता मध्येच तिची हाक ऐकू येते, "ऊठ रे बाळा, व्हॅन येईल." भाचा नववीत आहे. सव्वासहाला व्हॅन, सातला शाळा, संध्याकाळी क्लास. क्लास सुटायला नऊ वाजतात. मग जेवण, गृहपाठ, आणि अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. म्हणजे रोजची झोप सहा तास.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. तेव्हापासून आमच्या शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हा विषय निघतो. त्यांतल्या दोघी शिक्षिका आहेत. समुपदेशक आणायचे कुठून, पगार कोण देणार, हे त्यांचे प्रश्न अगदी खरे आहेत. एकीच्या शाळेत तर चित्रकलेच्या सरांकडेच ते काम दिलंय. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. तेव्हा समुपदेशक हवेतच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण सगळी चर्चा त्या एका नेमणुकीपाशी येऊन थांबते, याची मला काळजी वाटते.

आमच्या जवळच पालो आल्टो आहे. श्रीमंत गाव, शेजारी स्टॅनफर्ड विद्यापीठ, उत्तम शाळा. तिथे २००९-१० मध्ये आणि पुन्हा २०१४-१५ मध्ये एकामागून एक मुलं गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारचं रोगनियंत्रण खातं कारणं शोधायला तिथे आलं. अशा शाळांतही मुलं हातची जातात, हे इथल्या पालकांनी जवळून पाहिलंय.

माझा थोरला हायस्कूलला होता तेव्हा त्याची शाळा पावणेआठला भरायची. धाकटी आता अकरावीत आहे आणि तिची साडेआठला भरते. मधल्या काळात कायदा झाला. हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवायचं नाही, असा तो कायदा. त्याआधीचं असंच एक विधेयक २०१८ मध्ये गव्हर्नर ब्राउन यांनी नाकारलं होतं. पुढच्या वर्षी गव्हर्नर न्यूसम यांनी नव्यावर सही केली आणि जुलै २०२२ पासून तो लागू झाला. विरोध खूप होता. बसच्या फेऱ्या, आईवडिलांच्या ड्यूट्या, संध्याकाळचे खेळ, सगळ्यांचंच वेळापत्रक बदलणार होतं.

कायद्याच्या मागे शरीराचं साधं गणित आहे. वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. ज्या मुलाला दहाव्या वर्षी नऊला पेंग यायची, त्याला पंधराव्या वर्षी अकराशिवाय झोप येत नाही. हा आळसही नाही आणि सगळा दोष मोबाइलचाही नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली, तेव्हा मुलं उशिरापर्यंत जागतील अशी भीती होती. मोजून पाहिलं तर रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली होती.

फरक मी घरातच पाहिला. थोरला सकाळी कोणाशी बोलायचा नाही, शनिवारी दुपारपर्यंत झोपायचा, आणि मी त्याला रागवायचे. त्याचं आज वाईट वाटतं. धाकटी न्याहारी करून, दोन शब्द बोलून जाते. तिच्या शाळेत वेलनेस सेंटर आहे, मन जड झालं तर तास सोडून तिथे बसता येतं. ओळखपत्रावर मदतीचा फोन नंबर छापलेला असतो. सातवीपासून पुढे तो इथे २०१९ पासून सक्तीचा आहे. आपल्याकडे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहेच. तो ओळखपत्राच्या मागे छापायला कितीसा खर्च येणार?

पण या कायद्यात शाळेआधी ऐच्छिक तास ठेवायची मुभा आहे, आणि एक विषय जास्तीचा व्हावा म्हणून मुलांना पुन्हा पहाटे उठवणाऱ्यांत आपली मराठी घरं कमी नाहीत. सरकारने मुलांना दिलेली झोप आपण आईवडीलच काढून घेतो. हे मला फार लागतं.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगलाच आहे. पण पहाटे उठणं ज्यांच्या शरीराला सर्वांत जड जातं, ती आठवी ते दहावीची मुलं त्यातून सुटली. दोन सत्रांत चालणाऱ्या कित्येक शाळांत सकाळचं सत्र त्यांच्याच वाट्याला येतं.

वर्गखोल्या तेवढ्याच असताना दोन्ही सत्रं उशिरा कशी भरणार, हे ताईचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून तिला म्हटलं, साडेआठ राहू दे, साडेसात तरी मागून बघ. आणि क्लासवाल्यांना आठला सोडायला सांगा. अर्धा तास इकडून, एक तास तिकडून. तिने पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय काढला. मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या नाहीत. अडलं ते व्हॅनपाशी. मोठ्यांना सोडून आल्यावर तीच व्हॅन दुसऱ्या शाळेच्या मुलांना घ्यायला जाते. पुढच्या सभेला व्हॅनवाल्या काकांनाही बोलवायचं ठरलंय.