‘पंधरा वर्षं लावतोय, काही झालं नाही’ : रावेरच्या वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

गुडघेदुखीच्या मलमाने माझ्या आत्याची कातडी भाजली, त्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. मी लोकांना उगाच घाबरवते, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या आई पंधरा वर्षांपासून दुखलं की तीच ट्यूब लावतात आणि त्यांना काही झालेलं नाही. कंपनीचं नाव न घेता लिहिणं मोघम आहे. या सगळ्यांपेक्षा जुन्या लोकांचा बिब्बा बरा. आणि केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्याला ‘त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा’ म्हणणं फार सोपं आहे. शेवटी ओघात तुम्ही लिहिलंत, ‘हल्ली वर्षभरात कधी कधी लावल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघ्याभोवती खाज सुटते, पण ती उष्णतेची, ताक, सब्जा घेतला की जाते.’

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी हे उत्तर लिहायला बसले. बाकीच्या मुद्द्यांकडे येतेच, पण आधी हे.

पंधरा वर्षं काही झालं नाही, म्हणून पुढेही होणार नाही, असं आपण धरून चालतो. कातडीच्या ॲलर्जीत हे धरून चालता येत नाही, कारण ती ॲलर्जी वापरातूनच तयार होते. पहिल्यांदा लावलेल्या मलमाची खरी ॲलर्जी सहसा दिसत नाही. शरीराची आधी त्या द्रव्याशी ओळख व्हावी लागते, ते परकं म्हणून नोंदलं जावं लागतं. कुणाच्या बाबतीत ही नोंद काही आठवड्यांत होते, कुणाच्या बाबतीत वर्षानुवर्षांच्या वापरानंतर, आणि बहुतेकांच्या बाबतीत कधीच होत नाही. एकदा झाली, की सहसा पुसली जात नाही. मग ते द्रव्य पुन्हा लागलं की एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, बारीक पुरळ येतं. आदल्या रात्री लावलं आणि दुसऱ्या दिवशी खाज सुटली, हा उशीर अशा ॲलर्जीशी जुळतो. उशिरा येते म्हणूनच घरात कुणाला मलमाचा संशय येत नाही आणि दोष उन्हाला, वांग्याच्या भरीताला किंवा उष्णतेला जातो. ताक घेतल्यावर खाज जाते, हे तुम्ही पाहिलेलं आहे; पण त्याच दिवसांत मलमही थांबलेलं असतं का, तेवढं आईंना विचारून बघा.

मी इथे बसून आईंना ॲलर्जीच आहे असं म्हणू शकत नाही. पण मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून फार्मसिस्ट म्हणून मी जे बघते, त्यावरून कळकळीने सांगते: ती ट्यूब आजपासून बंद ठेवा. आज थोडी खाज आहे. पुढच्या खेपेला लस गळणारा चट्टा उठू शकतो, आणि तो मलम लागलेल्या जागेपुरता राहत नाही, मांडीवर, पोटरीवर पसरतो.

माझ्या आत्याचं प्रकरण याहून वेगळं होतं. ती अमळनेर तालुक्यात राहते. कापूस वेचणीचे दिवस, दिवसभर वाकून काम, रात्री कडाक्याची थंडी. तिने गुडघ्याला ट्यूब चोळली, ठणका लवकर जावा म्हणून वर क्रेप बँडेज आवळलं आणि तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पोटलीने शेक घेतला. मध्यरात्री उठून बसली. ‘आग व्हई ऱ्हायनी,’ एवढंच म्हणत होती. पट्टी सोडली तर खाली कातडी लालभडक, आणि तिच्यावर बँडेजची वीण जशीच्या तशी उमटलेली. आडव्या-उभ्या बारीक चौकटी, आणि गुडघ्याच्या वाटीवर, जिथे पोटली सगळ्यात जास्त वेळ टेकली होती, तिथे पाण्याने भरलेले फोड. पट्टी जिथे संपली तिथेच लालीही रेघ मारल्यासारखी संपली होती.

हे भाजणं होतं. त्याला आधीच्या ओळखीची गरज नसते, ते पहिल्याच वेळी होऊ शकतं, काही तासांत होतं, खाजेपेक्षा आग जास्त असते आणि कड स्पष्ट असते. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नेमकी याबद्दल सूचना काढली होती. मेन्थॉल (थंडावा देणारं), मिथाइल सॅलिसिलेट (ऊब देणारं) किंवा कॅप्सेसिन (मिरचीतलं तिखट द्रव्य) असलेल्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मलमांनी कातडी भाजल्याच्या ४३ नोंदी त्यांच्याकडे होत्या. हे विरळ घडतं, हेही त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. पण काहींना पहिल्यांदा लावल्यावर २४ तासांच्या आत ते झालं होतं, आणि जास्त खोल भाजलेल्यांपैकी बहुतेकांच्या मलमात नुसतं मेन्थॉल किंवा मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट दोन्ही होतं, मेन्थॉल ३ टक्क्यांच्या वर आणि मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांच्या वर. त्यांनी दिलेला सल्ला साधा होता: मलमावर पट्टी आवळू नका, शेक देऊ नका, सोललेल्या जागी लावू नका. आपल्याकडे तर ‘मलम, मग पट्टी, मग शेक’ हा पिढीजात क्रम होऊन बसलाय. म्हणून मी तो लेख लिहिला, आणि पुन्हा लिहीन.

आता कंपनीच्या नावाचं. नाव सांगितलं तर लोक ती ट्यूब सोडून शेजारची घेतील, आणि शेजारच्या ट्यूबमध्ये तेच असेल. दुखण्याची जेल म्हणून आपल्या दुकानांत जे विकलं जातं, त्यातल्या कितीतरी ट्यूबांवर हा एकच मजकूर असतो: डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन (दुखणं कमी करणारं मुख्य औषध) १.१६ टक्के, अळशीचं तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के. वरचे आकडे पुन्हा बघा, मेन्थॉल त्या रेषेच्या पुढे आहे आणि सॅलिसिलेट रेषेवर. शिवाय जेल टिकावी, कातडीत मुरावी, वास बरा यावा म्हणून घातलेले प्रॉपिलिन ग्लायकॉल, बेन्झाइल अल्कोहोल, सुगंध हे वेगळेच, आणि त्यांचीही ॲलर्जी होते. कंपनीने नुसता सुगंध बदलला तरी ‘तीच ट्यूब’ कातडीसाठी तीच राहत नाही. म्हणून मी नावापेक्षा मागचा बारीक मजकूर वाचायला सांगते.

तुमच्या बागेत घड वाहणारी माणसं असतील, खांद्याला, मानेला मलम चोळून सकाळी उन्हात येणारी. त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगा. मजकुरात ‘किटोप्रोफेन’ हे दुखण्याचं औषध असेल तर ते मलम आणि ऊन यांचं अजिबात जमत नाही. लावलेल्या जागी ऊन लागलं की चट्टे, फोड येऊ शकतात. युरोपच्या औषध संस्थेने २०१० मध्ये याचा आढावा घेतला आणि ते चिठ्ठीशिवाय देऊ नये असं ठरवलं. वापर चालू असताना आणि बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा कपड्याने झाकायची असते. नुसत्या सनस्क्रीनवर विसंबू नये, कारण काही सनस्क्रीनमधल्या ऑक्टोक्रिलीनचीही अशा माणसांना ॲलर्जी निघते. रावेर, भुसावळच्या उन्हात उघड्या खांद्याने काम करणाऱ्याला किटोप्रोफेन देणं मला पटत नाही. मलम लावलेले हातही धुवायचे, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं.

मिरचीपासून काढलेलं कॅप्सेसिन ज्या मलमात असतं त्याचं धुणंही वेगळं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर देठ खुडणाऱ्या बायांना हे शिकवावं लागत नाही: नुसत्या पाण्याने ती आग जात नाही. आधी तेलाने पुसून घ्यायचं, मग साबण-पाणी.

बिब्ब्याबद्दल मात्र मी तुमच्याशी ठाम असहमत आहे. सातपुड्यात बिब्ब्याची झाडं आहेत, घरोघरी तो माहीत आहे, आणि जाणकार वैद्य तो शुद्ध करून वापरतात ते वेगळं. पण घरी बिब्बा तापवून त्याचं तेल गुडघ्याला लावणं म्हणजे मलमापेक्षा कितीतरी दाहक गोष्ट अंगाला लावणं आहे. बिब्बा उतलेला माणूस तुम्ही पाहिला असेलच: काळा पडलेला डाग, भोवती फोड, सुजलेले डोळे. त्याच्या तेलातल्या द्रव्यांची ॲलर्जीही होते, आणि एकदा झाली की त्याच कुळातल्या आंब्याचा चीक, काजूच्या टरफलाचं तेल यांनीही अंग उठू शकतं. पूर्वी धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचे. ते कपडे घालणाऱ्यांच्या मानेवर नेमके त्या खुणेखाली चट्टे यायचे. झाडपाल्याचं आहे म्हणून कातडी त्याला सूट देत नाही.

आता चट्टा उठलाच तर काय करायचं. पट्टी, शेक, मलम सगळं ताबडतोब बंद. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवायचं, घासायचं नाही. मग ओल्या सुती फडक्याच्या गार घड्या, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा. बर्फ थेट लावायचा नाही. फोड फोडायचे नाहीत. टूथपेस्ट, चुना, लिंबू, हळद यांतलं काहीही वर लावायचं नाही, कारण आधीच चिडलेल्या कातडीवर नवीन काहीही झोंबतं आणि मग डॉक्टरांनाही कळत नाही की कशाने काय झालं. पहिल्याच दिवशी मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवा. ट्यूब आणि तिचं खोकं फेकू नका. ओठांवर, चेहऱ्यावर सूज, श्वासाला त्रास, चक्कर आली तर लगेच १०८. तोंडात किंवा डोळ्यांत फोड, सोबत ताप, कातडी सुटायला लागली तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

यापेक्षाही मला भीती असते ती दुसऱ्या ट्यूबची. माणूस चट्टा घेऊन मेडिकलवर येतो आणि म्हणतो, ‘खाजेची ट्यूब द्या.’ त्याला हवी असते ती स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तो ती महिनाभर लावतो, मग जांघेतल्या गजकर्णाला लावतो, पोरीच्या चेहऱ्याला लावतो. कातडी पातळ होते, गजकर्ण दबून राहतं आणि मग ओळखू न येण्याइतकं पसरतं. २०१८ मध्ये सरकारने कितीतरी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती यासाठीच. मी ती चिठ्ठीशिवाय देत नाही, माणूस रागावून दुसरीकडे गेला तरी. मलमाच्या ॲलर्जीवर डॉक्टर स्टेरॉइड क्रीम देतात, आणि ती योग्यच असते. पण कोणत्या ताकदीची, कुठे, किती दिवस, हे ते ठरवतात.

डॉक्टर लांब आहेत, मजुरी बुडते, हा तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच सांगते, जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथल्या त्वचारोग विभागात खाजगीच्या मानाने फारच कमी पैशांत दाखवता येतं. तेही जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर फोनवरून मोफत सल्ला मिळतो. तिथे तुमचा पहिल्या दिवशीचा फोटो कामाला येईल. ॲलर्जी नेमकी कशाची, हे पॅच टेस्टने कळतं. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा. तोवर पाठ कोरडी ठेवावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे ते शक्य नाही, थंडीत करून घ्या.

आईंसाठी ही तपासणी मला जरुरीची वाटते, त्याचं कारण गुडघ्याच्याही पुढचं आहे. समजा, ॲलर्जी डायक्लोफेनॅकचीच निघाली. गावात अंगदुखीला कमरेत जे इंजेक्शन देतात, ते पुष्कळदा डायक्लोफेनॅकचंच असतं. जे कातडीवर सोसत नाही ते सुईने आत गेलं तर सगळ्या अंगावर पुरळ उठू शकतं. त्यामुळे नाव कळेपर्यंत आईंनी कुठल्याही दवाखान्यात सुई घेण्याआधी ‘मला दुखण्याच्या मलमाने खाज येते’ एवढं सांगायलाच हवं. कळलं की कागदावर लिहून आधार कार्डाबरोबर ठेवा.

आणि असं काही झालं तर त्याची नोंद करा. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत क्रमांक, कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत लागतो. रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो, त्यासाठी मराठीतही फॉर्म आहे. खोक्यावरचा बॅच नंबर तिथे विचारतात, म्हणून खोकं जपायचं. अमेरिकेतल्या त्या ४३ नोंदी कुणीतरी कळवल्या म्हणूनच सूचना निघाली. आपल्याकडची भाजलेली माणसं चार दिवस तूप लावून गप्प बसतात.

आईंचा गुडघा दुखतोय, तो तसाच सोडा असं मी म्हणत नाही. नुसता कोरडा शेक, मलमाशिवाय, सोसवेल इतपत गरम, चालेल. उकिडवं बसणं कमी करा, खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम रोज करू द्या. दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका, विशेषतः बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

आज घरी गेलात की ट्यूबच्या मागचा मजकूर वाचून इथे खाली लिहा, अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठं करून बघा. आणि खाज सुटते ती लावलेल्या जागीच की आजूबाजूलाही, हे आईंना विचारून कळवा. मी वाट बघते.