हाडाची भुकटी कशाची?

गेल्या वर्षी पुण्यात आईची दाढ काढली आणि पुढे इम्प्लांट बसवायचं म्हणून त्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरली. परवा फाइल आवरताना तिला त्या डबीचं स्टिकर सापडलं. त्यावर ‘बोव्हाइन’ लिहिलेलं. तिने मला क्वालालंपूरला फोन लावला, “म्हणजे गाईचं का गं?”

हो, गोवंशाचं. गोग्रास काढल्याशिवाय जेवायला न बसणाऱ्या बाईला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. संमतीपत्रावर तिची सही आहे, पण त्यात ‘बोन ग्राफ्ट’, म्हणजे हाडाची भर, एवढाच शब्द.

मी इथे दातांची डॉक्टर. माझ्या खुर्चीत बसायच्या आधीच माकचिक, म्हणजे मलय मावशी, विचारतात, “हलाल के, डॉक्टर?” म्हणजे, हलाल आहे का? मग मी एकेक वस्तू दाखवून सांगते. भुकटी गोवंशाच्या हाडाची, सगळा सेंद्रिय अंश काढून टाकलेली, उरलंय ते फक्त खनिज. त्यावर झाकायचा कोलॅजन या प्रथिनाचा पडदा डुकराचा. टाक्यांसाठी कॅटगटचा दोरा वापरलाच, तर तो मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचा. पडद्याला त्या लगेच नाही म्हणतात. भुकटीच्या बाबतीत विचारतात, जनावर नीट जिबह केलेलं, म्हणजे इस्लामी रीतीने कापलेलं, होतं का? हनफी आणि शाफई हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ. इथले मुसलमान बहुतेक शाफई, आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच. पदार्थाचं मूळ रूपच पालटलं तर तो चालतो, या ‘इस्तिहाला’च्या मुद्द्यावर हनफी मत बरंच सैल आहे, शाफई मत डुकराच्या बाबतीत कडक. जिवावर बेतलं आणि दुसरा उपायच नसला तर मुभा असते. पण दाढेच्या खड्ड्यासाठी उपाय असतात: प्रयोगशाळेत बनवलेली ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची भुकटी, किंवा रुग्णाच्याच जबड्यातलं हाड. फुकट काहीच नाही. स्वतःचं हाड घ्यायचं तर दुसरी जखम होते, आणि कृत्रिम भुकटी कधी हाड भरायच्या आधीच विरघळते. हेही मी सांगते. त्याच खुर्चीत क्लांगचे एक तमीळ अण्णा बसले होते. त्यांना डुकराचा पडदा चालला, गाईची भुकटी नको होती.

मलेशियाने 2019 साली वैद्यकीय साधनांसाठी हलालचं वेगळं मानक काढलं. आपल्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेशाने हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली, मार्च 2025 मध्ये महाराष्ट्रात झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आलं. या दोन्ही राज्यांतला वाद दुकानाच्या पाटीवरचा. मला हलालचा शिक्का पुण्यात नकोय. मला आईच्या संमतीपत्रावर एक ओळ हवी आहे: हे कोणत्या प्राण्यापासून बनवलंय. बिस्किटाच्या पुड्यावर आपण हिरवा ठिपका बघून घेतो, आणि जबड्यात वर्षानुवर्षं राहणारं काय आहे ते विचारायचं सुचतही नाही. आईसारख्या शाकाहारी बाईला, जैन आजोबांना, मिरजेच्या मुसलमान मुलाला, तिघांनाही ती एकच ओळ पुरेल. ती लिहायला दवाखान्याला काहीच खर्च नाही.

पुढच्या महिन्यात आईची दुसरी दाढ काढायची आहे. तिने कालनिर्णयच्या पानामागे लिहून ठेवलंय: भुकटी कशाची? पडदा कशाचा? दोरा कशाचा?