सेतला सैतान म्हणण्याआधी

नमस्कार,

प्राचीन इजिप्तच्या सेत या देवावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, 'सख्ख्या भावाचा जीव घेणाऱ्याला तुम्ही डोक्यावर घेतलंत. एदफूच्या देवळात होरस त्याला भाल्याने भोसकतो, ते दिसलं नाही का? तो इजिप्तचा सैतानच.'

आधी माझी चूक कबूल करतो. ओसायरिसचा, म्हणजे सेतच्या भावाचा आणि होरसच्या बापाचा, खून मी एका वाक्यात उरकला, आणि तोही ग्रीकांनी नंतर रंगवलेली गोष्ट असल्यासारखा. ते चुकलंच. इ.स.पू. २४ व्या शतकात पिरॅमिडांच्या आतल्या भिंतींवर मंत्र कोरले गेले, त्यांतही ओसायरिसला पाडणारा भाऊ सेतच आहे.

पण 'सैतान' मला पटत नाही. पोटच्या पोराला सैतानाचं नाव कोण ठेवेल? 'सेती' म्हणजे सेतचा. त्या नावाचा पहिला फॅरो इ.स.पू. १२९० च्या सुमारास गादीवर आला. त्याने ओसायरिसच्या गावात, अबायडोसला, देखणं देऊळ बांधलं. तिथे स्वतःचं नाव कोरून घेताना मात्र अडचण आली, कारण नावातच सेतचं चित्र होतं: उभे, टोकाला चौकोनी कान आणि खाली वळलेलं लांब तोंड. मारेकऱ्याचं चित्र मृताच्या घरात कसं चालेल? म्हणून तिथे सेतच्या जागी ओसायरिसची आकृती कोरली. राजांच्या दरीतल्या सेतीच्या थडग्यातही हीच काळजी घेतलेली दिसते. राजाने नाव मात्र टाकलं नाही. खून त्याला ठाऊक होता, आणि सेत त्याचा देवही होता. माझ्या लेखाचा सगळा जीव या एका खाडाखोडीत आहे, आणि तीच मी नीट सांगितली नव्हती.

शिवाय सेतकडे एक काम होतं. सूर्यदेव रा रोज रात्री नावेतून पाताळ ओलांडतो आणि अपेप नावाचा महासर्प वाट अडवतो. त्याच्या नजरेने बाकीचे देव गारठतात, तेव्हा नावेच्या पुढच्या टोकावर उभा राहून भाला चालवतो तो सेत. कैरोच्या संग्रहालयातल्या हेरुबेनच्या पपायरसवर हे चित्र आहे. सेतविना सूर्य उगवायची खात्री नाही.

एदफूचं म्हणाल, तर ते देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये बांधायला घेतलं, सेतीनंतर हजारेक वर्षांनी. तिथे सेत पाणघोडा झालाय, आणि उत्सवात पाणघोड्याच्या आकाराची पोळी कापली जाई. मधल्या काळात अश्शूरी आले, पर्शियन आले. वाळवंटाचा आणि परक्यांचा देव म्हणून त्यांच्यावरचा राग सेतवर निघाला, असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं.

तरी खार्गा मरूद्यानातलं हिबिसचं देऊळ एकदा पाहा. पर्शियन राजा दारियसच्या काळातल्या त्या भिंतीवर ससाण्याच्या तोंडाचा, पंख पसरलेला सेत अजून सापाला भाल्याने टोचतो आहे.