फेशिअलआधी त्वचा तपासायलाच हवी

माझी भाची नुकतीच पार्लरचं काम शिकायला लागली आहे. तिच्या बॅचच्या ग्रुपवर 'अनुभवी लोकांच्या टिप्स' म्हणून एक मेसेज फिरतोय, तो तिने मला पाठवला आणि विचारलं, "मावशी, मग फॉर्म भरून घेणं, भिंगातून बघणं हे सगळं कशाला करायचं?" शिकणाऱ्या मुलींच्या हातात असलं काही पडतं याचा मला फार राग येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मेसेजचं म्हणणं असं: त्वचा कुठली आहे ते बघताक्षणी कळतं. फेशिअल वरवरचं असतं, त्यामुळे औषधं विचारायची गरज नाही. नॅचरल प्रॉडक्टला पॅच टेस्ट (आधी कातडीवर थोडंसं लावून बघणं) लागत नाही. चेहरा झोंबला म्हणजे प्रॉडक्ट काम करतंय. आणि फार प्रश्न विचारले की क्लायंट परत येत नाही.

औषधांचं आधी घेते, कारण सगळ्यात जास्त इजा तिथेच होते. मुरमांसाठी डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. गोळी पोटात जाते, पण तेलग्रंथी आकसतात त्या चेहऱ्याच्या, आणि कातडी नाजूक होते. त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान 6 महिने वॅक्सिंग करू नये, व्रण राहू शकतात. आता फेशिअलला आलेल्या बाईचं अपरलिप, हनुवटीचं वॅक्स त्याच बैठकीत उरकलं जातं की नाही? न विचारता पट्टी ओढली तर केसाबरोबर कातडीही सोलवटून येते. याला वरवरचं काम म्हणायचं?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. 2017 मध्ये 'जामा डर्मेटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात त्वचातज्ज्ञांनी जुने अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की या गोळ्या घेणाऱ्यांचे हलके पील (रसायन लावून कातडीचा वरचा थर काढणं) आणि काही लेझर उपचार 6 महिने लांबवायला पुरेसा पुरावा नाही. मेसेज लिहिणाऱ्याच्या कानावर यातलंच काहीतरी अर्धवट आलं असावं. पण यंत्राने त्वचा खोलवर घासू नका, हे त्यांनीही सांगितलंच आहे. शिवाय तो सल्ला डॉक्टरांसाठी आहे, आणि पेशंट काय घेतोय हे माहीत असलं तरच तो उपयोगाचा.

आणि हे कळायचं कसं? नुसतं "काही औषध चालू आहे का?" विचारलं तर उत्तर "नाही" येतं. बीपीची गोळी लोक औषधात धरतात, मुरमांची धरत नाहीत. म्हणून ओठ बघायचे. सालं निघालेले, कोपऱ्यात चिरलेले ओठ ही आयसोट्रेटिनॉइनची जवळजवळ हमखास खूण. मग नाकपुड्यांच्या कडा आणि तोंडाचे कोपरे बघायचे. तिथे बारीक पापुद्रे सुटलेले दिसले की "रात्री झोपताना काय लावता?" असं नेमकं विचारायचं. "काही नाही हो, ती पिंपल्सची ट्यूब तेवढी." ती ट्यूब बहुतेकदा अ‍ॅडापलीन नाहीतर ट्रेटिनॉइनची, म्हणजे कातडी नाजूक करणाऱ्या मलमाची निघते. त्यावर स्क्रब घासला तर चेहरा लालबुंद होतो, आणि सावळ्या त्वचेवर ती लाली गेल्यावर मागे उरलेला काळा डाग महिनोन्‌महिने हटत नाही.

झोंबण्याचं म्हणाल तर पील लावल्यावर थोडी चुणचुण होते, तेवढं खरं. पण वाढत जाणारी आग म्हणजे त्वचेला त्रास होतोय. ताबडतोब धुऊन टाकायचं. "अजून पाच मिनिटं सहन करा" म्हणायचं नाही.

बघताक्षणी त्वचा कळत नाही. मेकअप असतो, क्लायंट उन्हातून आलेली असते. क्लिन्झिंग करून थोडं थांबायचं, चांगल्या उजेडात बघायचं. नाक चमकतंय म्हणून ऑइली ठरवलेल्या चेहऱ्याचे गाल बोटाला खरखरीत लागतात, पाणी कमी पडलेलं असतं.

नॅचरलचं तर बोलायलाच नको. सुगंधी तेलांतली लिनालूल आणि लिमोनिन ही द्रव्यं हवेच्या संपर्काने बदलतात आणि त्यांची अ‍ॅलर्जी येऊ शकते. ही अ‍ॅलर्जी एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे कानामागे लावून अर्ध्या तासाने बघितलं तर काहीच दिसत नाही. आधी रिअ‍ॅक्शन आलेली क्लायंट असेल तर निदान दोन दिवस आधी टेस्ट करा.

राहिला क्लायंट तुटण्याचा प्रश्न. ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका असेल तर तो बहुतेक हर्पीस, म्हणजे विषाणूचा संसर्ग असतो. मसाज केला तर तो तिच्याच चेहऱ्यावर पसरतो आणि तुमच्या बोटांनाही लागतो. गालावर उठलेल्या कडेचा गोल, खाजरा चट्टा असेल तर बहुतेक गजकर्ण. अशा दिवशी फेशिअल करायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. कारण सांगायचं, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवायचं आणि बरं झाल्यावरची तारीख द्यायची. माझ्याकडच्या अशा बायका त्या तारखेला आलेल्या आहेत.