आरसीसीबी पुन्हा बसेपर्यंत यंत्र चालू करू नये : आपल्या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या ५० लिटर क्षमतेच्या स्वयंचलित विद्युत ब्रुइंग (बिअर बनवण्याच्या) यंत्राबद्दल आपण गेल्या आठवड्यात लिहिलेला दोन ताऱ्यांचा अभिप्राय मी अनेकदा वाचला. यंत्र उकळीच्या वेळी बंद पडून दोन बॅच वाया गेल्या, तापमान ठरवलेल्या अंशावर राहिले नाही, उकळी कधी १०० अंशांपर्यंत पोचलीच नाही, पाणी तापायला सांगितल्यापेक्षा जास्त वेळ लागला, आमचा तंत्रज्ञ अकराव्या दिवशी आला आणि आपल्या मित्राला घरी वापरण्यासाठी हेच यंत्र द्यायला आम्ही नकार दिला, अशा आपल्या तक्रारी आहेत. त्यांपैकी बहुतेकांत आमचा दोष आहे आणि तो कोठे आहे हे मी पुढे लिहितो. परंतु आपल्या अभिप्रायातील एका वाक्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) काढून थेट जोडणी करून घेतल्यापासून यंत्र ‘मख्खन’ चालत आहे, असे आपण लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की, आरसीसीबी परत बसेपर्यंत हे यंत्र एकदाही चालू करू नये.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की कोठेतरी प्रवाह भलत्या वाटेने जात आहे असे समजून तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. आपल्या पॅनेलमध्ये ३२ अँपिअरचा एमसीबी अजून आहे हे खरे, परंतु तो जादा भार आणि शॉर्ट सर्किट यांच्यासाठी असतो. माणसाच्या शरीरातून जाणारा जीवघेणा प्रवाह त्याच्या हिशेबातही येत नाही. ब्रुइंगच्या खोलीत फरशी ओली असते, टाकी स्टीलची असते आणि ढवळणाऱ्याच्या हातातला दांडाही स्टीलचाच असतो. आज केवळ अर्थिंगमुळे टाकीत करंट उतरलेला जाणवत नाही. ती एक तार सैल झाली, तर पुढे काय होईल याची कल्पना आपणही करू शकता. ज्या अमेरिकी हौशी ब्रुअरच्या आकृत्यांवरून आपल्या इलेक्ट्रिशियनने जोडणी बदलली असे आपण तंत्रज्ञाला सांगितलेत, त्यांच्याकडे १२०–१२० व्होल्टच्या दोन जिवंत तारांतून २४० व्होल्ट घेतात आणि तिथली संरक्षक यंत्रणा ५ मिलिअँपिअरच्या आसपासच पुरवठा तोडते. आपल्याकडे एक फेज, एक न्यूट्रल आणि २३० व्होल्ट असतात. त्यामुळे ती आकृती येथे जशीच्या तशी लागू होत नाही, आणि संरक्षणाच्या बाबतीत ते लोक आपल्यापेक्षा जास्तच काटेकोर आहेत.

आता यंत्र बंद का पडत होते ते सांगतो. तंत्रज्ञाने हीटरच्या मागचा टर्मिनल बॉक्स उघडला, तेव्हा आत ओल होती आणि वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोड रस, जो आंबवून बिअर होते) सुकून चिकट थर साचलेला होता. मेगरवर, म्हणजे विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणावर, जेथे काही मेगाओहम भरायला हवेत, तेथे सहा-सात किलोओहमच भरले. २३० व्होल्टला याचा हिशेब ३० मिलिअँपिअरच्या पलीकडे जातो, म्हणजे आरसीसीबीने दोन्ही वेळा आपले काम चोख केले होते. वर्ट आत शिरला तो आमच्या चुकीमुळे. केबलची ग्लँड (केबल आत जाते तेथील घट्ट बसणारी कडी) आम्ही बॉक्सच्या वरच्या अंगाला बसवली होती, त्यामुळे टाकीवरून ओघळलेले काहीही केबलच्या कडेने थेट आत जात होते. ब्रुइंगच्या यंत्रावर ओघळ येणारच हे गृहीत धरूनच बॉक्स बांधायला हवा होता. आमच्या कार्यशाळेतून बाहेर पडण्यापूर्वी ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उकळीची तक्रार याच घटनेशी जोडलेली आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. आपण नियंत्रकावर १०० अंश ठेवले होते. तो आकडा कधीच येणार नसल्यामुळे नियंत्रकाने साडेपाच किलोवॉटचा हीटर संपूर्ण वेळ पूर्ण शक्तीने चालू ठेवला, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) टाकताच फेस उतू गेला आणि टाकीच्या बाजूने ओघळून बॉक्सपर्यंत पोचला. उकळीच्या टप्प्यात नियंत्रकाला अंश न देता शक्तीची टक्केवारी द्यायची असते : उकळी येईपर्यंत १००, त्यानंतर ती खदखदत राहील एवढीच, म्हणजे बहुधा ६० ते ७० टक्के. हे आमच्या माहितीपुस्तिकेत एका ओळीत आणि तेही शेवटच्या पानावर होते, त्यामुळे ते आपल्या लक्षात आले नाही याचा दोष मी आपल्याला देत नाही. हॉप्समधील अल्फा आम्लांचे कडवट द्रव्यांत होणारे रूपांतर ९८ अंशांवर किंचित मंदावते, एवढा फरक मात्र खराच पडतो. समुद्रसपाटीवरील रेसिपी वापरताना कडवटपणा कमी वाटला, तर सुरुवातीचे हॉप्स थोडे वाढवावेत.

तापमानाच्या बाबतीत आपली तक्रार रास्त आहे. आपल्याला मॅशिंग (माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातील स्टार्चची साखर करणे) ६६ अंशांवर हवे होते आणि नियंत्रकाच्या नोंदीत गरम पाण्याच्या टाकीतील कॉइलमधून (नळीच्या वेटोळ्यातून) बाहेर पडणारा वर्ट ७० ते ७१ अंश दिसतो. बीटा अमायलेज हे विकर (एन्झाइम) ६२ ते ६५ अंशांच्या आसपास उत्तम काम करते आणि यीस्टला खाता येणारी साखर मुख्यतः तेच तयार करते. सत्तरच्या घरात ते लवकर निकामी होते. अल्फा अमायलेज मात्र काम करतच राहते आणि यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचे प्रमाण वाढते. आपली बिअर जड राहून किण्वन पाण्याच्या तुलनेत १.०२० घनतेवर थांबले, यामागचे मुख्य कारण मला हेच दिसते. गरम पाण्याच्या टाकीचे तापमान मॅशिंग संपण्यापूर्वीच माल्ट धुण्याच्या पाण्यासाठी ७८ अंशांवर नेले गेले होते आणि त्याच पाण्यातील कॉइलमधून वर्ट फिरत असल्याने तोही तापत गेला. असे करू देणे हीच मुळात यंत्राची उणीव आहे, कारण मॅशिंग चालू असताना ती टाकी ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊच नये, अशी अट नियंत्रकात घालता येते आणि आम्ही ती घातली नव्हती. शिवाय आमचे ऑटोट्यूनिंग (नियंत्रकाने तापमान सांभाळण्याचे आकडे स्वतः ठरवणे) साध्या पाण्यावर झाले होते. माल्टच्या थरातून वर्टचा प्रवाह बराच मंद होतो, त्यामुळे पाण्यावर बरोबर निघालेले आकडे माल्टवर चुकले. यापुढे प्रत्येक यंत्राचे ट्यूनिंग ग्राहकाच्या जागेवर, प्रत्यक्ष माल्ट भरूनच होईल.

तापण्याच्या वेळेबद्दल थोडक्यात सांगतो. ५० लिटर पाणी २५ वरून ६७ अंशांवर नेण्यास सुमारे २.४ युनिट ऊर्जा लागते, त्यामुळे २३० व्होल्टला साडेपाच किलोवॉटचा हीटर, उष्णतेची गळती धरून, अर्धा तास घेतो. आपल्या जागी संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरते. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तेथे हीटर जेमतेम ४.२ किलोवॉट देतो आणि चाळीस मिनिटे लागतात. माहितीपत्रकात ‘३० मिनिटे’ लिहिताना आम्ही व्होल्टेजची अट लिहिली नव्हती, ती आता लिहू.

अकरा दिवसांच्या विलंबाचे मी समर्थन करणार नाही. आपला फोन सातपूरच्या कार्यशाळेत ज्याने घेतला, त्याने वहीत ‘ट्रिप होते’ एवढेच लिहिले आणि तक्रार नेहमीच्या रांगेत गेली. वीज तुटण्याची तक्रार त्याच दिवशी माझ्यापर्यंत आली पाहिजे, असा नियम मी आता केला आहे. तंत्रज्ञाने आरसीसीबी बसवू देण्याची विनंती केली, तेव्हा ‘चालते आहे, हात लावू नका’ असे आपण म्हणालात. दोन बॅच ओतून द्याव्या लागलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य येणे स्वाभाविक आहे. परंतु त्याने तेथूनच मला फोन करायला हवा होता.

आपल्या मित्राच्या बाबतीत मात्र मी भूमिका बदलू शकत नाही. यंत्राच्या वर्णनात आम्हीच ‘होम ब्रुइंग पद्धतीचे’ असे शब्द वापरले होते आणि त्यातून गैरसमज झाला, म्हणून ते शब्द काढले आहेत. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर घरगुती बिअरला वाट मोकळी केली, म्हणून तेथे ही यंत्रे गॅरेजमध्ये दिसतात. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते का असेना. आपल्याकडे मायक्रोब्रुअरीचा परवाना आहे आणि नव्या रेसिपी लहान प्रमाणात करून पाहण्यासाठी आपण हे यंत्र घेतले, म्हणूनच आम्ही ते आपल्याला दिले. आपल्या मित्राने परवाना आणल्यास त्यांचे यंत्र मी स्वतः जोडून देईन.

येत्या गुरुवारी सकाळी मी आणि आमचा तंत्रज्ञ आपल्याकडे येऊ. नवा हीटर, खाली तोंड असलेल्या ग्लँडचा नवा टर्मिनल बॉक्स आणि नवा आरसीसीबी आम्ही विनामूल्य बसवू, अर्थिंगची मोजणी करू आणि त्यानंतर आपल्या माल्टवर एक पूर्ण बॅच आपल्यासमोर काढू. वाया गेलेल्या दोन्ही बॅचच्या माल्ट, हॉप्स आणि यीस्टची बिले तयार ठेवावीत, ती रक्कम आम्ही देऊ. याआधी दिलेल्या सर्व यंत्रांवरील बॉक्सही आम्ही बदलत असून त्या ग्राहकांना आजपासून फोन करत आहोत. गुरुवारपर्यंत पॅनेलचा मुख्य स्विच बंद असावा आणि हीटरची केबल काढून ठेवलेली असावी.

आपला विश्वासू,
संचालक, ब्रुइंग यंत्रे विभाग
सातपूर, नाशिक