पंधरा दिवसांत सिबिल सुधारत नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “खिशात रुपया नको, १०० टक्के गृहकर्ज. सिबिल कितीही खराब असू दे. १५ दिवसांत स्कोअर ७५० करून देऊ. जुनं कर्ज सेटल करा, नाव क्लिअर. भाड्याएवढ्या हप्त्यात स्वतःचं घर. फाईल चार्ज फक्त १२,०००.” सिबिल म्हणजे आधीची कर्जं वेळेवर फेडली का, यावरून मिळणारा स्कोअर; कर्ज देताना बँक तो बघते. रविवारी आमच्या गल्लीतला, कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेला एक पोरगा तो मेसेज घेऊन माझ्याकडे आला. पैसे भरायचेच बाकी होते. कर्ज विभागात बावीस वर्षं काढल्यावर मला गप्प बसवेना.

१०० टक्के कर्ज हे पहिलं खोटं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५. स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. दहा लाखांपर्यंतच्या घराला मात्र ते किमतीत धरायची सवलत आहे. कुपवाडला २० लाखांचा फ्लॅट बघितलात, तर १८ लाख कर्ज, २ लाख तुमचे. महापालिका हद्दीत ६ टक्के स्टँप, म्हणजे १ लाख २० हजार, आणि नोंदणीचे २० हजार. ३ लाख ४० हजार हातात हवेतच, वकील आणि प्रोसेसिंग फी वेगळी. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर स्टँप एक टक्क्याने कमी बसतो, ते जरूर करा.

इथे एजंट हळूच सुचवतो, “करारात किंमत वाढवून लावू.” त्याच्या नादी लागू नका. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युअरने काढलेली किंमत, यातली कमी असेल ती धरते. वाढीव किमतीवरचा स्टँप तुमच्या खिशातून जातो आणि खोट्या करारावर सही तुमची राहते.

“सिबिल कितीही खराब” यात थोडं तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँक आपापला बघते. कमी स्कोअरवर कर्ज देणारे भेटतात, पण व्याज चढं लावतात. १८ लाख, २० वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण १५,६२०. बारा टक्क्यांनी १९,८२०. महिन्याला ४,२०० जादा, मुदत संपेपर्यंत दहा लाख. भाड्याएवढ्या हप्त्याची गोष्ट इथेच संपते. तो पोरगा सात हजार भाडं भरतो.

आता १५ दिवसांत ७५०. माझा खरा राग याच्यावर आहे. आम्ही त्याच्याच मोबाइलवर त्याचा रिपोर्ट काढला. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. त्यात महिन्यागणिक चौकटी असतात. शून्य, शून्य, शून्य आणि मध्येच ०३०, मग ०६०: म्हणजे हप्ता तेवढे दिवस थकला. हा हप्त्यावर घेतलेला मोबाइल होता. नोकरी बदलली, पगाराचं खातं बदललं, जुन्या खात्यात पैसे नव्हते आणि शेवटचे दोन हप्ते राहिले. बाकी २,३४६ रुपये. तो चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, “काका, एवढ्याशा पैशासाठी?”

खाली एक पर्सनल लोन होतं, ते त्याचं नव्हतंच. नाव सारखं, पॅन दुसऱ्याचा.

या दोन नोंदींत सगळा फरक आहे. दुसरी चूक आहे. तिच्यावर स्वतः ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पहिली नोंद खरी आहे, ती कोणीही पुसू शकत नाही. ३६ महिन्यांचा इतिहास तिथे दिसतो. नवे हप्ते वेळेवर जातील तसा तिचा भार कमी होतो. एजंट १२,००० घेऊन तोच तक्रारीचा फॉर्म भरतो.

आणि सेटलमेंट? वसुलीवाल्याने त्याला फोन केलाच होता, “दीड हजार टाका, मिटवू.” मिटत नाही. कंपनीने बाकी रक्कम सोडली की खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि गृहकर्ज देणारा अधिकारी पहिल्यांदा तोच बघतो. साडेआठशे रुपये वाचवायला लाखांच्या कर्जाची वाट अडवायची का? पूर्ण रक्कम भरा, ना-थकबाकी दाखला घ्या आणि रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ झालंय का ते पुढच्या महिन्यात तपासा.

आपल्याकडे जामीनकी भिडेखातर दिली जाते, तीही रिपोर्टमध्ये येते. पाहुण्याचा हप्ता थकला तर तुमची फाईल अडते.

सुरुवातीचे पैसे कमी पडणाऱ्याला खरा आधार प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० चा आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्कं घर नको, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पात्र ठरलात तर १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान, पाच वार्षिक हप्त्यांत. पण हे पैसे कर्ज घेतल्यानंतर येतात. सुरुवातीचे तीन-साडेतीन लाख आधी साठवावेच लागतात.

पोराने सोमवारी थकबाकी भरली आणि दुसऱ्या नोंदीची तक्रार टाकली. त्या १२,००० मधले जे उरले, त्यातून पगाराच्या खात्यावरच आरडी काढली.