सौर वादळाचे अंदाज ‘फुसके’ का वाटतात – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं, की “दर थोड्या दिवसांनी तुम्ही सौर वादळ येतंय म्हणून लिहिता, होत काहीच नाही, मग हे ज्योतिषापेक्षा वेगळं काय? आणि आपण विषुववृत्ताजवळचे, आपल्याला काय फरक पडतो?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

सूर्यावरून प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा, लोट सुटला की तो कोरोनाग्राफमध्ये (सूर्याची तबकडी झाकून भोवतालचं दाखवणाऱ्या दुर्बिणीत) दिसतो, त्यावरून वेग काढतात, इथवर यायला साधारण एक ते तीन दिवस, आणि पोचायच्या वेळेत आठ-दहा तास इकडेतिकडे होणं नेहमीचंच. पण खरी गोम वेळेत नाहीये. त्या लोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत घुसते, म्हणजेच वादळ होतं, उत्तरेकडे असेल तर तेवढाच मोठा लोट फारसं काही न करता निघून जातो, आणि ही दिशा लांबून खात्रीने सांगता येत नाही! ती कळते लोट सूर्य-पृथ्वीच्या मधल्या एल-१ या बिंदूवरच्या यानांना ओलांडतो तेव्हा, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, आणि मग हातात उरतो जेमतेम पाऊण-एक तास, लोट वेगवान असेल तर त्याहून कमी. जानेवारी २०२४ पासून आपलं आदित्य-एल१ यान पण तिथेच आहे, चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरसकट. म्हणजे आधीचा अंदाज ही शक्यता असते, आणि ती खरी की खोटी हे एक-दोन दिवसांत आकड्यांनी कळतं, सगळ्यांसमोर. ज्योतिषात असं ताडून बघायची सोयच नसते.

आणि चूक एकाच बाजूला होते असंही नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ-हवामान केंद्राने जी-४ चा इशारा दिला होता (जी-१ ते जी-५ ही वादळाच्या जोराची मापनश्रेणी), आलं सगळ्यात वरचं जी-५, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं, लडाखमध्ये हान्लेला आकाश लाल झालं आणि तिकडे अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडले. उलट फेब्रुवारी २०२२ चं वादळ किरकोळच, तरी वरचं वातावरण फुगून स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी जवळपास ४० उपग्रह गेले.

आता आपल्याला काय फरक पडतो. १९८९ मध्ये क्युबेकची वीज नऊ तास गेली तसा वीजजाळ्याचा (ग्रिडचा) धोका आपल्याकडे खूप कमी, हे मान्य. पण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावरचा आयनोस्फिअर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) जगातल्या सगळ्यात अस्थिर पट्ट्यांपैकी एक आहे, आणि जीपीएसचे सिग्नल त्यातूनच खाली येतात, म्हणून वादळात ते बिघडू शकतात.

शिवाय या विषयात आपला वाटा जुना आहे हो. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे त्या क्षेत्राचं एकक) घसरण नोंदली गेली, ते वादळ किती मोठं होतं हे ठरवताना आजही जगभरचे संशोधक ती नोंद काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये हे चुंबकीय मोजमापाचं काम अलिबागला हलवलं, तिथे ते अजून चालू आहे. इतकी वर्षं न थांबता कुणीतरी मोजत राहिलं म्हणून आज आपण वादळांची तुलना तरी करू शकतो, त्याला वायफळ म्हटलेलं मला खरंच लागतं.

पुढच्या इशाऱ्याच्या वेळी बातम्या बाजूला ठेवा आणि बीझेडचा (त्या लोटाच्या चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण भागाचा, उणे म्हणजे दक्षिणेकडे) लाइव्ह ग्राफ उघडा. उणे १० नॅनोटेस्लाच्या खाली तीन तास टिकला तर वादळ जोरदार होणार असं धरून चाला, शून्याच्या वर राहिला तर खुशाल झोपा.